ही ‘लदे’ कोण?

सुरुवात अंगठ्यापासून झाली. उजव्या हाताचा अंगठा मनगटाला जिथे मिळतो तिथे माऊस धरला की कळ यायची, मग पोळ्या लाटताना पण यायला लागली तेव्हा डॉक्टरकडे गेले. त्या म्हणाल्या, माऊस कमी करा. म्हटलं बाई, आमचं पोट त्याच्यावरच आहे. मी घरी बसून करारनामे, खरेदीखतं, प्रतिज्ञापत्रं टाइप करते आणि मराठी-इंग्रजी भाषांतर करते, फोर्टातल्या दोन-तीन वकिलांसाठी. गिरगावातली चाळ, गॅलरीच्या दाराशी टेबल, टेबलावर कॉम्प्युटर आणि बाजूला कागद धरायला स्वयंपाकाच्या पुस्तकाचा स्टँड. एवढंच ऑफिस.

टायपिंग मी क्लासात शिकले, टाइपरायटरवर. तिथल्या बाई हातावर रुमाल टाकायच्या, कीबोर्डकडे बघायचं नाही म्हणून, आणि नजर कायम कागदावर. ही सवय पुढे मला फार महागात पडली, ते येईलच.

भाचा इंजिनीअरिंगला आहे, डोंबिवलीहून रविवारी आला होता. त्याला अंगठ्याचं सांगितलं तर म्हणतो, ‘मावशी, तू शॉर्टकट का नाही लावून घेत?’ म्हटलं मला येतात की, कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, कंट्रोल-एस. तर म्हणे ते नाही, आपले स्वतःचे. आणि मग त्याने एक शहाणपणाची गोष्ट सांगितली, आधी एक दिवस नुसतं मोज, तू काय काय परत परत करतेस ते. सोमवारी मी लाइट बिलाचं पाकीट घेतलं आणि त्याच्यावर उभ्या रेघा मारत गेले, पाचवी आडवी, दूधवाला मारतो तशा.

जेवायच्या आधीच भाषा बदलण्याच्या ९४ रेघा झाल्या होत्या. चौऱ्याण्णव वेळा खाली कोपऱ्यात माऊस नेऊन इंग्रजीचं मराठी आणि मराठीचं इंग्रजी! विंडोजची की आणि स्पेस दाबून भाषा बदलते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण हाताला सवय माऊसची. दुसरं म्हणजे जुन्या फाइलमधून ठरलेला मजकूर उचलून आणणं, १७ वेळा. आणि तिसरं सांगायला लाज वाटते, माझ्याकडे ‘अक्षरं’ नावाची एक वर्ड फाइल होती, त्यात ॲ आणि ऱ्य आणि ₹ अशी माझ्याच्याने न सापडणारी अक्षरं ठेवलेली, ती फाइल दिवसभर मागे उघडी आणि लागलं की तिथे जा, माऊसने उचल, इकडे चिकटव. त्याच्या ४३ रेघा.

पहिला प्रयोग मी एकटीने केला. डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे शॉर्टकट कीचा एक रिकामा चौकोन असतो. त्यात मी नुसतं के दाबलं तर त्याने आपणहून कंट्रोल-ऑल्ट-के लिहून घेतलं. ओके केलं, दाबलं, कॅलक्युलेटर उघडला. आईशप्पथ, काय आनंद झाला होता! मग उत्साहात सगळा डेस्कटॉप आवरला, आयकॉन उचलून एका फोल्डरमध्ये टाकले आणि एकही शॉर्टकट चालेना. तो आयकॉन डेस्कटॉपवर नाहीतर स्टार्ट मेनूतच असावा लागतो, तरच की चालते, हे तासाभराने कळलं. शिवाय ह्याने फक्त प्रोग्रॅम उघडतात, अक्षर टाइप होत नाही.

मग वर्ड. वर्डमध्ये इन्सर्टमध्ये सिंबॉल, मोअर सिंबॉल्स, तिथे हवं ते अक्षर निवडून खाली शॉर्टकट कीचं बटण आहे, ते चांगलं चालतं. अजून एक गंमत सापडली, ०९७२ असं इंग्रजी आकड्यांत लिहायचं आणि ऑल्ट-एक्स दाबायचं, त्या आकड्याचा ॲ होतो. तो त्या अक्षराचा युनिकोडमधला नंबर, युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देऊन केलेली यादी. पण हे सगळं वर्डच्या चार भिंतींत, मेल लिहायला ब्राउझरमध्ये गेलं की माहेर सुटल्यासारखं, कोणी ओळखत नाही. आणि माझं निम्मं काम आता ब्राउझरमध्ये चालतं.

पुढच्या रविवारी भाच्याने पेनड्राइव्हवरून ऑटोहॉटकी टाकलं, म्हणजे कुठल्याही कीला आपल्याला हवं ते काम लावून देणारा प्रोग्रॅम. फुकट आहे. त्यात काय करायचं तर नोटपॅडमध्ये एक साधी फाइल लिहायची, एका ओळीत डावीकडे की आणि उजवीकडे काय व्हायला हवं ते, मधे दोन वेळा विसर्गासारखी टिंबं. टोपीचं चिन्ह म्हणजे कंट्रोल, उद्गारचिन्ह म्हणजे ऑल्ट, अधिक म्हणजे शिफ्ट, हॅश म्हणजे विंडोजची की. फाइलवर डबल क्लिक केलं की खाली घड्याळाजवळ हिरव्या चौकोनात पांढरा एच येतो, म्हणजे चालू. मला प्रोग्रॅमिंगमधलं ओ की ठो कळत नाही, पण हे कळलं, कारण हे पाककृतीसारखं आहे, अमुक दिसलं की तमुक घाल.

पहिली ओळ कॅप्स लॉकची. मराठी टाइप करताना कॅप्स लॉकला काही कामच नाही, इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे माझ्या मराठी कीबोर्डच्या मांडणीत, शिफ्टने दुसरं अक्षर येतं, मोठं-लहान ही भानगड आपल्या लिपीत नाही. तर कॅप्स लॉक दाबला की विंडोज-स्पेस जावं असं भाच्याने लिहिलं, म्हणजे भाषा बदलायचं बटण थेट डाव्या करंगळीखाली. ती ९४ रेघांची कटकट त्या एका ओळीत संपली, बाकी काही केलं नसतं तरी चाललं असतं.

दुसरी ओळ ॲची, आणि इथे डोक्याची मंडई झाली. एस्केपच्या खाली कोपऱ्यात जी की आहे तिचा मला मराठीत काडीचाही उपयोग नव्हता, तिच्यावर ॲ लावला. दाबलं तर स्क्रीनवर काय आलं, डोक्यावर तिरकी रेघ मारलेला इंग्रजी ए, त्याच्यापुढे दोन आडव्या रेघा मारलेला इंग्रजी वाय, मग अजून काहीतरी. भाचा म्हणाला कीबोर्ड खराब असेल. म्हटलं कीबोर्डला काय झालंय, आत्ता मराठी टाइप होतंय की. पाऊण तास गेला. शेवटी कारण असं निघालं, की ऑटोहॉटकीची त्याने आणलेली आवृत्ती जुनी, पहिली, आणि हल्लीचं नोटपॅड फाइल सेव्ह करताना साधं यूटीएफ-८ करतं, ही युनिकोड अक्षरं साठवायची एक पद्धत. जुनी आवृत्ती तशी फाइल युनिकोड म्हणून ओळखतच नाही, एकेका देवनागरी अक्षराचे तीन तीन तुकडे करून वाचते. सेव्ह ॲजमध्ये खाली एन्कोडिंग असतं, तिथे बीओएमवालं, म्हणजे फाइलच्या सुरुवातीला ओळखीची खूण ठेवणारं, यूटीएफ-८ निवडलं आणि दाबलं, ॲ. गोल गोल, चंद्र डोक्यावर घेतलेला ॲ. (पुढे डिसेंबर २०२२ मध्ये आलेली दुसरी आवृत्ती टाकली, तिला हे सांगावं लागत नाही, पण तिची लिहायची पद्धत वेगळी, की दाबल्यावर पाठवायचा मजकूर अवतरणचिन्हांत हवा, त्यामुळे तशा जुन्या ओळी चालेनात आणि त्या परत लिहिल्या. नेटवर जे सापडतं त्यातलं बरंचसं पहिल्या आवृत्तीचंच आहे, तेवढं बघून घ्या.)

आता ॲचं एवढं कौतुक का, तर माझ्या कामात दर पानाला ॲड. येतो. इतकी वर्षं मी कधी ‘अक्षरं’ फाइलमधून ॲ आणायचे, कधी घाईत अ लिहून त्याच्यावर चंद्र द्यायचे. दिसायला दोन्ही सारखंच. पण कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन वेगळी माणसं आहेत, एक सलग अक्षर आणि दुसरं अ अधिक चंद्र, आणि फाइंडमध्ये एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. हे मला कसं कळलं, तर एका दाव्यात वकील बदलले, मी फाइंड-रिप्लेस मारून ॲड.सकट नाव बदललं, आणि पान १४ वर जुने वकील तसेच बसलेले. तेव्हा वाटलं होतं आपलीच नजर चुकली.

ऱ्यची गोष्ट तर अजून भारी. मी भाच्याला म्हटलं ह्याला पण एक की दे, ‘लिहून देणाऱ्यांनी’ हा शब्द माझ्याकडे दिवसातून शंभरदा येतो, आणि तो ‘देणार्यांनी’ असा लिहिला तर वकील चिडतात, बरोबरच आहे, आचार्यांना बोलावलं आणि आचाऱ्यांना बोलावलं ह्यात एक लग्न लावतो आणि एक जेवण करतो. भाच्याने स्क्रीनवर इनस्क्रिप्टचा कीबोर्ड उघडला, शिफ्ट दाबली आणि म्हणाला, मावशी हे काय आहे? जे वर र असतो, आणि शिफ्ट-जे वर टिंबवाला ऱ. तो दाबायचा, मग हलन्त, मग य. झाला ऱ्य. इतकी वर्षं तो तिथेच होता! मी आपली फाइलमधून उचलून आणतेय. तर त्याला शॉर्टकट लागलाच नाही. म्हणून म्हणते, नवीन की लावायच्या आधी आहे त्या कीबोर्डवर शिफ्ट दाबून एकदा सगळीकडे फिरून या, निम्मं सामान घरातच निघेल.

मग आला मोठा मजकूर. खरेदीखतात पक्षकाराचं नाव झालं की एक ठरलेलं लटांबर येतं, ‘ज्यांचा उल्लेख यापुढे लिहून देणार असा केला आहे, ज्याच्या अर्थात व व्याप्तीत त्यांचे वारस, मृत्युपत्राचे व्यवस्थापक, प्रशासक यांचा समावेश आहे’ वगैरे. ऑटोहॉटकीत हॉटस्ट्रिंग म्हणून प्रकार आहे, आपण छोटा शब्द लिहून स्पेस दिली की तो पुसून त्याच्या जागी मोठा मजकूर येतो. इंग्रजीत लोक तीन अक्षरी काहीतरी ठेवतात. मी मराठीतच ठेवलं, कारण मराठी चालू असताना इंग्रजी अक्षरं येतातच कुठे. लिहून देणारसाठी ‘लदे’, लिहून घेणारसाठी ‘लघे’, वादीसाठी ‘वा’, प्रतिवादीसाठी ‘प्रवा’, सदर मिळकतसाठी ‘समि’. असं करत करत एका आठवड्यात ३८ झाले. मला वेडच लागलं होतं, भाजी चिरताना सुचायचं आणि हात पुसून येऊन एक ओळ टाकायचे. नवरा म्हणायचा, तू काम कमी आणि काम कमी करायचं काम जास्त करतेस.

पहिला लोचा ‘वा’ने केला. धाकट्या जावेच्या मुलीला दहावीला ९१ टक्के पडले, घरच्या ग्रुपवर सगळे अभिनंदन करत होते, मी कॉम्प्युटरवरूनच व्हॉट्सॲप उघडून लिहिलं वा वा! आणि एंटर. गेलं काय तर ‘वादी वादी!’ उद्गारचिन्ह आलं तरी त्याला स्पेससारखंच वाटतं, शब्द संपला, बदला. जाऊबाईंचा लगेच मेसेज, ‘ताई, कोणाचा वाद झाला?’ आता ह्यांना काय समजावणार. सासऱ्यांनी तर त्यावर अंगठा पण दिला.

दुसरा लोचा रुपयाचा. हॉटस्ट्रिंगशिवाय नऊ ठरलेली वाक्यं मी कंट्रोल-ऑल्ट एक ते नऊ वर लावली होती. वर्डमध्ये कंट्रोल-ऑल्ट-१ म्हणजे हेडिंग, ते मी जन्मात वापरलं नव्हतं, गेलं तर गेलं. पण इंग्रजी-इंडिया कीबोर्डवर कंट्रोल-ऑल्ट-४ म्हणजे ₹, हे नुकतंच शिकले होते आणि तेही बोटांत बसत आलेलं. इंग्रजी करारात रक्कम लिहायला गेले, ₹ च्या जागी साक्षीदारांसमक्ष सही केल्याचा अख्खा मराठी परिच्छेद आणि पुढे पंचेचाळीस लाख. चूक माझीच, पण वाईट ह्याचं वाटलं की ते चिन्ह आपल्या पवईच्या आयआयटीत शिकलेल्या उदय कुमारांनी काढलं, २०१० च्या जुलैत सरकारने घेतलं, त्याला कीबोर्डवर एवढीशी जागा मिळाली आणि ती पण मी खाल्ली. चार नंबर सोडून दिला. मग काही ऑल्ट-शिफ्टवर लावून बघितले, तर माझ्याकडे ऑल्ट-शिफ्टनेही भाषा बदलते, त्यामुळे वाक्य येता येता भाषाच पलटायची. ते पण काढलं.

आणि मग लदे.

रात्री कधीतरी मशीन आपोआप रीस्टार्ट झालं. सकाळी मी उठून आंघोळ-चहा उरकून कामाला बसले, एक खरेदीखत दुपारी दोनपर्यंत पाहिजे होतं, बाहेर धो धो पाऊस, त्या कागदावर थेंब पडू नयेत म्हणून दार लोटलेलं, त्यामुळे अंधार, आणि मी आपली क्लासातल्या बाईंनी शिकवल्याप्रमाणे नजर कागदावर ठेवून धाड धाड टाइप करतेय. खाली कोपऱ्यात हिरवा एच नव्हता. कॅप्स लॉकवरून कळायला हवं होतं, पण ते खत पूर्ण मराठी, भाषा बदलायचा प्रश्नच आला नाही. वर्डच्या लाल रेघा मी कधीच्या बंद केल्यात, मराठीत त्या सगळ्याच शब्दांखाली येतात. पानं कमी का भरली असं मनात आलं, खोटं नाही सांगत, पण वाटलं मूळ कागदच छोटा असेल. मेल केलं.

तीन वाजता वकीलसाहेबांचा फोन.

‘मॅडम, ही लदे कोण?’

मला क्षणभर कळेचना. म्हटलं, ‘कोण लदे?’

‘तेच विचारतोय. फ्लॅट लदे विकतेय, पैसे लदेला मिळालेत, ताबा लदेने लघेला दिलाय. पक्षकार तर आपले नवरा-बायको आहेत. आणि हा समि कोण? ह्यांचा मुलगा का?’

मागे त्यांचे ज्युनिअर हसत होते, ऐकू येत होतं. नशीब त्यांनी वाचलं, तसंच स्टँप पेपरवर गेलं असतं तर मी गिरगाव सोडून गेले असते. अर्ध्या तासात दुरुस्त करून पाठवलं, फाइंड-रिप्लेसने, म्हणजे तेवढ्यापुरता हॉटस्ट्रिंगचाच उलटा प्रकार.

त्या रात्री दोन गोष्टी केल्या. एक, विंडोज-आर दाबून शेल, विसर्ग, स्टार्टअप असं इंग्रजीत लिहिलं की एक फोल्डर उघडतो, त्यात त्या फाइलचा शॉर्टकट टाकला, आता मशीन चालू करून मी आत शिरले की एच आपोआप येतो. हे भाच्याने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं म्हणे, असेलही. दुसरं, प्रत्येक छोट्या शब्दाच्या आधी एक खूण लावायची ठरवली, म्हणजे नुसतं वा लिहिलं तर वाच राहील. नेटवर सगळे सांगतात अर्धविराम लावा, सेमीकोलन, करंगळीखालीच असतो. इनस्क्रिप्टमध्ये तिथे च आहे! चवा, चलदे, असं काहीतरी होऊन बसलं असतं. मग विचार करून स्वल्पविराम घेतला, कारण नीट टाइप करणारा माणूस स्वल्पविरामानंतर जागा सोडतोच, त्याला चिकटून अक्षर कधी येत नाही. पूर्णविराम चालला नसता, आमच्यात अ.क्र. आणि ता.जि. असं चिकटून फार असतं.

आणि ३८ च्या यादीला कात्री लावली. एक महिना गेल्यावर बघितलं, बोटं आपणहून ज्यांच्याकडे जातात असे आठ होते, बाकीच्यांसाठी मी आधी यादीचा कागद बघायचे, मग टाइप करायचे, त्यापेक्षा सरळ शब्द लिहिलेला बरा. आठच ठेवले, अधिक कॅप्स लॉक, अधिक ॲ. ‘अक्षरं’ फाइल पुसून टाकली. अंगठा अजून कधीकधी बोलतो, पण पोळ्या होतात.

त्रास आता दुसरीकडे होतो. फोर्टात वकीलसाहेबांच्या ऑफिसात बसून दुरुस्ती करायची वेळ आली की करंगळी कॅप्स लॉकवर जाते आणि भाषा बदलण्याऐवजी पुढचं सगळं इंग्रजी मोठ्या अक्षरांत, ओरडल्यासारखं. त्यांच्या मशीनवर काही टाकायची परवानगी नाही, आणि ते बरोबरच आहे, दुसऱ्याच्या कीबोर्डवर आपली बोटं कशाला. ज्युनिअर मुलं मला आता लदेमॅडम म्हणतात, तोंडावर नाही, पण मला कळतं.

हात अजून मधूनच स्वल्पविराम विसरतो, म्हणून मेल करायच्या आधी मी कंट्रोल-एफ मारून लदे शोधते. परवा एक सापडला, पान सहावर. छातीत धस्स झालं. जाऊन बघितलं तर साक्षीदार नंबर दोन, बलदेव.